मुकादम ओला का बसतो

४ नोव्हेंबर

चिमे,

तू फोन उचलत नाहीस आणि मी आपली करत राहते, म्हणून शेवटी हे पत्र. पत्ता आपल्या लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्या काकांकडून काढला. त्यांच्यावर रागावू नकोस, ते मुळीच सांगत नव्हते. चहा बंद करीन म्हटल्यावर बोलले.

आम्ही दोघं ठीक आहोत. पत्र तुझ्या सशाबद्दल आहे. मुकादम बसल्या जागी मुततो आणि त्याचं त्याला कळतही नाही. तुला आठवतं ना, किती टापटिपीचा होता तो? कोपऱ्यातल्या त्याच्या खोक्यात जाऊनच काय ते करायचा आणि पुन्हा येऊन उंबऱ्याशी बसायचा, एक डोळा लाँड्रीकडे, एक डोळा घराकडे. सगळ्यांच्या कामावर नजर ठेवतो म्हणून तूच त्याचं नाव मुकादम ठेवलंस. आता तो उठला की खाली डबकं. मागचे पाय ओले, शेपूट ओली, आणि चेहरा मात्र तसाच, आम्हीच काहीतरी सांडलंय असा.

मला आधी कळलंच नाही. कळलं ते लॉजवाल्याने उशांच्या अभ्र्यांचा गठ्ठा परत पाठवला तेव्हा. परत! आपल्याकडून गेलेला गठ्ठा परत आल्याचं मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. बाबांनी तो उघडला, नाकाशी धरला आणि त्यांचा चेहराच उतरला. डोळे मिटून शाईचा डाग आणि चहाचा डाग सांगणारा माणूस, त्याला वास ओळखायला कितीसा वेळ लागणार? खालच्या बाकावर घडी करून ठेवलेल्या पांढऱ्याशुभ्र अभ्र्यांना टेकून मुकादम झोपला होता म्हणे. आम्ही बघतच राहिलो.

बाबा म्हणाले, ज्याचं आहे त्याने घेऊन जावं. तुझं नाव नाही, 'मुलगी' नाही, 'ती' सुद्धा नाही. तू गेल्यापासून त्यांनी ह्यातला एकही शब्द तोंडातून काढलेला नाही. तू पोहायला शिकवायची नोकरी धरलीस त्या दिवशी, "पाण्यातच हात घालायचे तर इथे काय पाणी कमी आहे?" इथपासून सुरू झालं आणि "जायचं तर हा उंबरा पुन्हा ओलांडू नकोस" इथे संपलं. आणि तूही त्यांचीच लेक, सांगितलेलं पहिल्यांदा ऐकलंस ते नेमकं हेच.

तुझ्या त्या खोलीवर प्राणी चालत नाहीत हे मला माहीत आहे. न्यायला ये म्हणून लिहीत नाही. फक्त कळवते.

आई


१९ नोव्हेंबर

चिमे,

घाईत लिहितेय, अक्षर लावून वाच. काल मुकादम माझ्या हातून जाता जाता राहिला.

त्याची मागची कातडी लघवीने लाल झाली होती. पोटाखालचे केस गळून चामडी दिसायला लागली होती, आणि वासही येत होता. मी काय केलं असेन? आपण धुलाईवाले. ओलं झालं, वास आला की धुवायचं, आपल्याला दुसरं सुचतं कुठे! लोकरीच्या कपड्यांसाठी ठेवतो तो मऊ साबण काढला, कोपराने बघून कोमट पाणी घेतलं आणि त्याला अख्खा टबात बसवला. अगदी शालीसारखा हलक्या हाताने धुतला गं. त्याने एकदा पाय झाडले आणि मग अंगच सोडून दिलं. मला वाटलं, आवडतंय. आवडतंय वाटलं मला! मान वळवून बघते तर डोळे सताड उघडे, कान बर्फासारखे गार आणि अंगात काही म्हणून नाही.

मी ओरडले असणार, कारण बाबा इस्त्रीच्या टेबलापासून धावत आले. ड्रायरमधून गरम टॉवेल ओढला, त्यात त्याला गुंडाळला, सदऱ्याची बटणं तोडून आत छातीशी धरला आणि तसेच बाहेर पडले. अनवाणी. भर रस्त्यात. लाँड्रीत कुणाची चप्पल आत आलेली चालत नाही त्यांना, पण स्वतः चप्पल घातल्याशिवाय दारासमोरच्या नळावरही न जाणारा माणूस. मी मागून त्यांच्या चपला हातात घेऊन पळत होते.

चौकात मोबाइलच्या दुकानाच्या वर जनावरांचा दवाखाना आहे, तिथे नेलं. डॉक्टरबाई तरुण आहेत, तुझ्याहून थोड्या मोठ्या. त्यांनी त्याला ऊब दिली, कातडीखाली सुईने पाणी सोडलं. सशाला असं पाण्यात बुडवायचं नसतं म्हणे. भीतीने आणि गारठ्याने त्याचं काळीज बंद पडू शकतं. ओल्या फडक्याने तेवढीच जागा पुसायची आणि लगेच कोरडी करायची. मला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं घरात ससा आहे आणि मला हे ठाऊक नव्हतं, ह्याचाच मला धक्का बसला.

बऱ्याच वेळाने त्याने नाक हलवलं. बाबा म्हणाले, "चला, कामं पडली आहेत," आणि चपला घालून जिना उतरून गेले. सदरा पुढून उघडाच होता.

सशाच्या अंगात ताकद आली की आतला फोटो काढायचा आहे. तू काहीच कळवत नाहीस. पत्र पोचतं की नाही एवढं तरी काकांना सांग.

आई


२७ नोव्हेंबर

चिमे,

आज एक्स-रे काढला. मी एकटीच गेले होते. बाबा मशीन दुरुस्त करत बसले होते, निदान तसं म्हणाले.

डॉक्टरबाईंनी फिल्म उजेडावर धरली आणि मला वाटलं, फोटो बिघडला. पोटात खाली पांढराशुभ्र गोळा, चुन्याने भरलेल्या पिशवीसारखा. ती त्याची लघवीची पिशवी. आत खडूचा चिखल साचलाय. पिशवी त्या चिखलाने गच्च भरलेली, वरचं पाणी नुसतं पाझरत राहतं, म्हणून तो ओला. त्याचा काही दोष नाही गं. आणि मी त्याला काय काय बोलले होते!

ते पुरे नव्हतं म्हणून त्यांनी पाठीचा कणा दाखवला. मणके एकमेकांना चिकटलेत. खोक्याच्या काठावरून आत जायचं तर पाठ वाकवावी लागते, ती वाकत नाही. सरळ बसून धार सोडता येत नाही, मग सगळं पायांवर येतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे एका दिवसाचं नाही, ह्याला कधीपासून दुखत असणार. ससे दुखणं लपवतात. रानात जो लंगडतो तो आधी मरतो, म्हणून शेवटपर्यंत दाखवत नाहीत.

मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

दिवसभर डोळ्यांसमोर बसलेलं जनावर. आम्ही त्याला ओलांडून जात होतो, त्याच्याशी थट्टा करत होतो, आणि तो दुखणं गिळून आमच्या कामावर लक्ष ठेवत होता. मी तिथे रडले नाही. घरी येऊन तुझ्या पलंगावर बसून रडले.

चिखल एवढा कशाने झाला, हे डॉक्टरबाईंना कळत नाही. कॅल्शियमचं काही देता का, असं त्यांनी फिरून फिरून विचारलं. मी शपथेवर सांगितलं, वाळलेलं गवत, पाला आणि पाणी, ह्याशिवाय काही नाही. मग पाण्याचाच दोष असेल, आपल्या बॉयलरमध्ये नाही का पांढरे थर बसतात?

आता दोनच गोष्टी. भूल देऊन पिशवी धुवून काढायची, पण ह्या वयात भुलीतून उठेल ह्याची खात्री नाही. नाहीतर औषधावर ठेवायचं, आणि दुखणं हाताबाहेर गेलं की झोपवून टाकायचं. पिशवी आतल्या आत बंद झाली तर तो तडफडून जाईल. आठवड्याभरात सांगा म्हणाल्या. ससा तुझा आहे, सांगायचं तू. आणि तू तर बोलत नाहीस.

आई


३ डिसेंबर

चिमे,

चिखलाचं कारण सापडलं. पाणी नव्हे. खाण्यात एक चूक होत होती, ती बंद केली आहे. ह्याहून जास्त विचारू नकोस.

पिशवी धुवायचं ठरलं आहे. ठरवलं बाबांनी.

आई


१४ डिसेंबर

चिमे,

मागचं पत्र अर्धं होतं. कुणीतरी गप्प राहायला सांगितलं होतं म्हणून. आता त्याच माणसाने सगळं लिही म्हणून सांगितलंय, तेव्हा बैस आणि वाच.

ते पत्र लिहिलं त्या दिवशी दुपारी मी लॉजवर चादरी पोचवायला गेले. तिथला माणूस जागेवर नव्हता, म्हणून गठ्ठा घेऊन तशीच परत आले. दुपारी लाँड्री बंद असते, काका जेवायला गेलेले. मी मागच्या अंगणातून आत शिरले आणि लाँड्रीत कुणीतरी बोलताना ऐकू आलं. हळू आवाज, गप्पा मारल्यासारखा. मला वाटलं, गिऱ्हाईक आलंय.

तुझे बाबा फरशीवर मांडी घालून उंबऱ्यापाशी बसले होते. समोर मुकादम. आणि बाबा त्याला सांगत होते, की आज एका टेबलक्लॉथवर काळ्या शाईचा डाग होता, आपण लिंबू लावलं, पण तिने दुधात भिजवायला सांगितलं असतं, आणि तिचंच बरोबर ठरलं असतं. मग म्हणाले, तिकडच्या तलावाचं पाणी फार गार असेल का रे?

माझ्या खांद्यावरचा गठ्ठा कधी खाली आला मला कळलं नाही. पण त्याआधी मी आणखी एक पाहिलं होतं. खिशातून एक गोळी काढून त्यांनी ती तळहातावर धरली होती आणि मुकादम ती मिटक्या मारत खात होता. बाबांच्या हाडांच्या गोळ्या, चघळायच्या, संत्र्याच्या चवीच्या. डॉक्टरांनी बाबांना रोज एक सांगितलेली.

गठ्ठा पडल्यावर ते दचकले. चोरी पकडल्यासारखे माझ्याकडे बघू लागले. मी विचारलं, ही रोज देता?

"हाडांसाठी आहे," ते म्हणाले. "त्याला उंबरा चढवत नव्हता. दोनदा थांबून मग उडी मारायचा."

"कधीपासून?"

"ती गेली तेव्हापासून."

चिमे, माझ्यासमोर 'ती' म्हणाले. गोळीचं वाईट वाटून घेऊ की ह्या शब्दाचं काय करू, मला काही कळेना. पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ना, ते मला त्या दुपारी समजलं. डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही का. आलं होतं. आपण ज्याला दगड म्हणत होतो त्याच्याच लक्षात आलं होतं, सगळ्यांच्या आधी. त्याने स्वतःच्या तोंडची गोळी त्याला दिली. आणि त्याच गोळीने त्याचं वाटोळं केलं.

मला सांगावं लागलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. खडूचा चिखल, पांढरा गोळा, कॅल्शियम, सगळं. ते तळहाताकडे बघत बसले. त्यावर गोळीची थोडी पूड राहिली होती आणि मुकादम ती चाटत होता. बाबांनी हात काढून घेतला नाही आधी. मग एकदम काढला.

"म्हणजे मीच," म्हणाले.

मी म्हटलं, म्हातारपण आहे, पाठीचंही आहे, नुसत्या गोळीने एवढं होत नाही. त्यांनी ऐकलं नाही. उठले, चपला घातल्या आणि दवाखान्यात जाऊन स्वतःच सांगून आले. परत आल्यावर एवढंच म्हणाले की पिशवी धुवायची, आणि हे तिला कळवू नकोस, आधीच तिच्या लेखी मी काय आहे ते मला ठाऊक आहे. म्हणून ते तीन ओळींचं पत्र.

आता परवाचं. सकाळी आम्ही दोघं त्याला घेऊन गेलो. टोपलीत खाली जुनं ब्लँकेट आणि वर बाबांचा तोच टॉवेल. दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी एक नव्या बाई बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, ससा कुणाचा? मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले.

"माझ्या मुलीचा. मी नुसता सांभाळतो."

मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. बघितलं असतं तर तिथेच रडले असते. डॉक्टरबाई टोपली घ्यायला बाहेर आल्या होत्या, त्या सहज म्हणाल्या, "हो, माहीत आहे मला. त्यांचा फोन येतो ना."

बाबांनी विचारलं, कुणाचा.

"तुमच्या मुलीचा. बरेच दिवस झाले, रोज सकाळी येतो. तलावावरून बोलते म्हणतात, मागे पोरांचा गलका असतो. तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?"

अगं कार्टे. आईचा फोन उचलायला तुझा हात मोडतो, आणि परक्या बाईला रोज फोन! मी तिथल्या बाकावर मटकन बसले. शेजारी बाबाही बसले. आम्ही दोघं कुणी वारल्यासारखे समोरच्या भिंतीकडे बघत होतो, आणि आत मुकादमाला भूल देत होते.

तो वेळ कसा गेला ते लिहीत नाही. बाबांनी बाकावरच्या जुन्या टॉवेलांच्या घड्या मोडून नीट घातल्या, दवाखान्यातल्या सगळ्या. मग मध्येच विचारलं, "काय विचारत असेल ती?" मी म्हटलं, तुम्हीच विचारा की डॉक्टरांना. विचारलं नाही. पण डॉक्टरबाई बाहेर आल्या, मुकादम शुद्धीवर येतोय म्हणाल्या, तेव्हा 'बरं झालं' सुद्धा न म्हणता ह्यांनी आधी तेच विचारलं. त्या म्हणाल्या, आधी सशाचं विचारतात, आणि ठेवताना दर वेळी विचारतात, आलेली माणसं बरी दिसत होती का?

बरी दिसत होती का! चिमे, काय बोलू मी तुला?

रस्त्यात बाबा म्हणाले, तिला सगळं लिही. गोळ्यांचंही.

मुकादम घरी आहे. खातोय, थोडा चिडलेला आहे, म्हणजे बरा आहे. चिखल निघाला, दुखण्याचं औषध सुरू आहे. पण पाठ काही सुधारायची नाही, म्हणून थोडं गळणं आता कायमचं. डॉक्टरबाईंनी सांगितलं, हे बरं करायचं नसतं, सांभाळायचं असतं. आणि सांभाळतंय कोण ते ऐकशील तर चाट पडशील. लोकरीची ब्लँकेटं कापून त्यांनी थर लावलेत, असे की ओल खाली उतरते आणि वरचं कोरडं राहतं. छोटं मशीन मुकादमाच्या कपड्यांसाठी वेगळं काढलं, त्यात वासाचा साबण घालायचा नाही अशी सक्त ताकीद. सकाळ-संध्याकाळ चष्मा लावून त्याच्या मागचे केस कात्रीने कापतात, फडक्याने टिपतात, पावडरसुद्धा नाही, नुसतं कोरडं. खोक्याची पुढची भिंत कापून टाकली, म्हणजे उडी नको. काका म्हणाले, शेठ, माझ्या बापाचंही एवढं कुणी केलं नाही. त्यावर बाबांनी त्यांना सरळ चादरींचा ढीग दाखवला.

कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली आता माझ्याकडे आहे. रोज माझ्यासमोर, माझ्या डोळ्यांदेखत, स्वतः खायची. तोंड वाकडं करून खातात.

मी इथेच थांबते. खाली थोडी जागा सोड म्हणाले आहेत. काय लिहिणार आहेत मला माहीत नाही. ह्या माणसाने पावतीखेरीज काही लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

आई

―

तुझा ससा बरा आहे. गोळ्या मी दिल्या होत्या. आता देत नाही.

पाठ वाकत नाही म्हणून त्याला उंबरा चढता येत नव्हता. पोट घासून जखम होत होती. म्हणून उंबरा काल करवतीने कापून काढला. आता लाँड्री आणि घर ह्यांच्यात काही नाही, सपाट आहे.

तिथे लाकडाला अजून रंधा मारलेला नाही, कुसळ टोचेल. तू येशील तेव्हा चपला बाहेर काढू नकोस. घालूनच आत ये.

बाबा